पेटीच्या दाराची पट्टी

मधमाश्यांच्या बाबतीत मला कुणी शहाणपण शिकवलेलं खपत नसे. माझे वडील महाबळेश्वराकडचे. घरामागे मधाच्या पेट्या, आणि मी परकर नेसायच्या वयापासून उघड्या हातांनी चौकटी उचलणारी. त्यामुळे साठ सालानंतर ग्रामसेविका म्हणून पालघर तालुक्यात माझी नेमणूक झाली आणि कचेरीत निघालं की यंदा डोंगरातल्या पाड्यांवर मधपेट्या द्यायच्या आहेत, तेव्हा मी लगेच पुढे सरसावले. बाकीच्या बाया शिवण आणि बिनधुराची चूल शिकवत होत्या. मला वाटलं, चला, निदान एक काम तरी आपल्या हातचं मिळालं. मी तेव्हा पंचवीस-सव्वीस वर्षांची होते आणि तुझं चुकतंय असं मला तोंडावर सांगणारं त्या तालुक्यात कुणी नव्हतं.

बोईसरला उतरून पूर्वेला डोंगराच्या अंगाने दीड तास चाललं की एक पाडा लागे. पंधरा-वीस कुडाची घरं, उतारावर भाताचे आणि वरईचे तुकडे, पाऊस पडेल तेवढं पिकायचं. तिथल्या एका माणसाला मी पेटी दिली. रानातलं मोहोळ झाडाच्या ढोलीतून हात घालून काढण्यात त्याचा हातखंडा होता, धूरसुद्धा लागत नसे त्याला. पहिल्याच दिवशी तो मला म्हणाला, "बाय, तू बस." त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच तू म्हणतात, देवालासुद्धा. मला ते ठाऊक नव्हतं असं नाही. तरी मी ताडकन म्हणाले, "तू कुणाला म्हणतोस रे? बाई म्हणायचं, तुम्ही म्हणायचं." त्यानंतर त्याने मला कधी तू म्हटलं नाही. मी मात्र त्याला शेवटपर्यंत अरे-तुरेच केलं, आणि तो माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठा होता. तेव्हा आम्ही सगळ्याच तसं बोलत होतो, पण म्हणून आज ते सोपं वाटतं असं नाही.

पाड्यावरची माणसं दिवाळी झाली की वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जायची ती पावसाच्या तोंडाशी परत यायची. हा आणि त्याची बायकोही जायची. आदल्या खेपेला तिला भट्टीवरच मूल झालं, मुलगा, आणि महिन्याच्या आतच तो तिथेच दगावला. काय झालं, कशाने झालं, हे तिला सांगता येत नव्हतं. ती एवढंच सांगायची, "राखाडीतच पुरला त्याला. माती पण आपली नाय भेटली." त्यानंतर तिने भट्टीवर पाऊल ठेवायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं. पण घरी राहून खायचं काय? वरई दोन महिने पुरायची.

म्हणून त्या पेटीला एवढा अर्थ होता. आमच्या साहेबांनी ठरवलं होतं की पालघरजवळच्या रोपवाटिकेत वीस पेट्या मांडायच्या आणि त्यांची राखण करायला बारा महिन्यांचा एक माणूस नेमायचा. माणूस पाड्यांवरचाच हवा. अट एकच, की ज्याला पेटी दिली आहे त्याने ती पावसाळाभर जगवून दिवाळीपर्यंत नांदती दाखवायची. डोंगरातल्या सहा पेट्यांपैकी पाच श्रावणाच्या आतच रिकाम्या झाल्या. उरली ती याची. पेटी टिकली तर त्याला काम मिळणार होतं आणि ती दोघं भट्टीवर जाणार नव्हती. हे त्याला ठाऊक होतं, तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. त्यातून तिला पुन्हा दिवस गेलेले होते, आणि हे मूल घरात जन्मावं याखेरीज तिचं दुसरं काही मागणं नव्हतं.

आता आदल्या वर्षीची एक गोष्ट सांगायला हवी. याला दिलेली पहिली पेटी आदल्या श्रावणात पळून गेली होती. आपल्याकडची सातेरी माशी मोठी मानी. खायला कमी झालं, मुंग्या लागल्या, कुणी फार छेडलं, की राणीला घेऊन सगळी वसाहत उठून जाते आणि पेटीत नुसती मेणाची पोळी लोंबत राहतात. म्हणून पेटीच्या दाराला पत्र्याची एक पट्टी लावतात. तिला बारीक फटी असतात. कामकरी माशी त्यातून जाते-येते, राणी अंगाने मोठी म्हणून अडते. राणी अडली की बाकीच्या तिला टाकून जात नाहीत. याने ती पट्टी काढली होती. का, तर माश्या पायाला पराग लावून यायच्या आणि फटीतून आत शिरताना तो खाली गळायचा. "बिचाऱ्या एवढं आणतात नि दारात सांडतं, बाई. मला बघवंना." आणि दोन दिवसांत पेटी रिकामी.

मी त्याला जे झाडलं ते अख्ख्या पाड्याने ऐकलं. पाण्याला निघालेल्या बायका हंडे घेऊन थांबल्या. मी म्हणाले, "दया येते होय तुला? मग बस आता दया करत! ही पट्टी मी सांगेपर्यंत निघता कामा नये. कळलं? पेटीला आग लागली तरी नाही." तो मान खाली घालून अंगठ्याने माती उकरत होता. त्याची बायको दारातून माझ्याकडे पाहत होती. नंतर मीच साहेबांच्या मागे लागून त्याला दुसरी वसाहत मिळवून दिली. मला वाटलं, आपण किती उदार.

ती दुसरी वसाहत त्याने लेकरासारखी सांभाळली. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, वर पळसाच्या पानांचं छप्पर, मुंग्या येऊ नयेत म्हणून भोवती राख. भट्टीवर गेला तेवढे महिने पाड्यावरच्या एका म्हातारीला वाट्यांत पाणी घालायला सांगून गेला. दोन पावसाळ्यांमधलं ते वर्ष पेटी जोरात होती.

आणि मग भाद्रपदात, गणपतींच्या आधी, तो माणूस पाड्यावरून पालघरपर्यंत चालत आला आणि कचेरीच्या पायरीशी उकिडवा बसला. मला बघून उठला. म्हणाला, "बाई, माशी रडते."

दुसऱ्या दिवशी मी गेले. झाकण उचलायच्या आधीच कळलं. राणी नसलेल्या पेटीचा आवाज वेगळा असतो. नेहमीची घुमघुम नाही, उठतो आणि पडतो, उठतो आणि पडतो. ऐकवत नाही तो. चौकटी पाहिल्या. अंडी नाहीत, पिल्लं नाहीत. एका पोळ्याच्या कडेला एक फाटकं राणीघर लोंबत होतं, म्हणजे जुनी राणी मेल्यावर माश्यांनी स्वतःच नवीन राणी केली होती आणि ती पावसाच्या एखाद्या उघडिपीत नराशी मिळायला उडाली ती परत आली नव्हती. पाखराने खाल्ली असेल, सरीत सापडली असेल. आता पेटीत एकही अंडं नव्हतं, की ज्यातून माश्या दुसरी राणी करतील. बाहेरून राणी दिली नाही तर महिना-दीड महिन्यात खेळ खलास.

विचारायला हवं होतं मला, की पट्टी दाराला असताना ती राणी उडाली कशी. मी विचारलंच नाही. पावसाने दाराची फळी फुगून एका बाजूने फट पडली होती, तिथून ती निघून गेली होती. मी गेले तोवर त्याने ती फट शेणमातीने बुजवून टाकली होती आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं.

नवी राणी कुठून आणायची? केळव्याला एका बागायतदाराच्या नारळी-पोफळीच्या वाडीत एक जोरकस पेटी होती. ती फुटायच्या, म्हणजे अर्ध्या माश्या उठून वेगळं घर करायच्या, बेतात होती आणि तिच्यात चार राणीघरं पिकत आली होती. मी त्यांच्याकडे जाऊन एक कापून मागितलं. त्यांनी दिलं. बिचारे म्हणाले, "न्या हो, आमच्याकडे उगाच आपसांत मारामाऱ्या करतील."

कुमारी राणी पेटीत देण्यात सगळी गंमत वेळेची असते. राणीघरातून नुकतीच बाहेर आलेली राणी फिकट, ओलसर, लडबडत चालणारी असते. तिला तेव्हा राणीचा वास नसतो. अशा वेळी तिला पोळ्यावर सोडली तर माश्या तिला आपल्याच घरातलं लेकरू समजतात. पण एक रात्र गेली की तिच्या अंगाला स्वतःचा वास येतो, पायात चपळाई येते, आणि मग परक्या पेटीत ती शत्रू ठरते. तासांचा हिशेब असतो सगळा.

पहिल्या खेपेला मी तो हिशेब चुकले. जाळीच्या डबीत राणीघर ठेवून मी पालघरच्या खोलीवर आणलं. ते रात्री कधीतरी उमललं. सकाळची गाडी उशिरा आली, वाटेत ओढा भरून वाहत होता, पाड्यावर पोचायला दुपारचे दोन वाजले. मनात पाल चुकचुकत होती, तरी मी राणी सोडली. ती पोळ्यावर झपझप पळाली आणि दहा पावलांत माश्यांनी तिला धरली. चारीकडून झोंबून गोळा केला तिच्यावर, लिंबाएवढा. मी ओरडले, "पाणी!" त्याने पाण्याचा हंडाच ओढून आणून तो गोळा हातावर घेतला आणि पाण्यात धरला, पन्नास डंख खात. माश्या सुटल्या. आत राणी होती, एक पंख नाही, पाय आखडलेले.

त्याने ती तळहातावर ठेवून कितीतरी वेळ फुंकर घातली. मी म्हणाले, "टाकून दे आता." त्याची बायको पोटावर हात ठेवून पेटीपासून लांब उभी होती. ती म्हणाली, "बाई, आता भट्टी ना?" मी तिच्यावरही खेकसले. म्हणाले, "थांब गं, अजून मी जिवंत आहे."

खरं तर मीच घाबरले होते. भीती वाटली की माझा आवाज चढतो. आमच्या घरात सगळ्यांचंच तसं आहे.

दुसऱ्या खेपेला मी केळव्यालाच मुक्कामाला गेले. वाडीतल्या पेटीपुढे पाटावर बसून राहिले. उजाडता उजाडता उरलेल्यांतलं एक राणीघर टोकाला पातळ होऊन तपकिरी दिसायला लागलं. आतून कुरतडल्याचा बारीक आवाज येत होता. मी ते कापलं, काड्यापेटीत कापूस घालून ठेवलं आणि काड्यापेटी पोलक्यात, उबेला. केळवे रोडपर्यंत बैलगाडी, तिथून पॅसेंजर. पालघर गेलं, उमरोळी गेलं, आणि बोईसरच्या अलीकडे माझ्या छातीपाशी काहीतरी हुळहुळलं. काड्यापेटी जराशी उघडली. राणीघराचं टोपण बिजागरीसारखं उघडलं होतं आणि एक फिकट डोकं बाहेर डोकावत होतं. डब्यातल्या कोळणी मला म्हणाल्या, "काय गो, पोलक्यान काय लपवलंस?" मी म्हणाले, "राणी." त्या खो खो हसल्या. मीही हसले. त्या संबंध प्रकरणात मी हसले ती तेवढीच.

बोईसरहून मी पळत सुटले म्हटलं तरी चालेल. दीड तासाची वाट तासाभरात. तो पेटीपाशी उभाच होता, बायको जरा मागे. मी दाराची पट्टी काढून पेटीच्या छपरावर ठेवली, झाकण उचललं, मधल्या चौकटीवर मधाचं बोट ओढलं आणि त्यावर काड्यापेटी टेकवली. राणी लडबडत बाहेर आली. तिने मध चाखला. एक माशी आली, तिने मिशा लावून पाहिलं. दुसरी आली. मी श्वास धरून बसले होते. मग एकीने तिला चाटायला सुरुवात केली. पाव तास आम्ही तिघं पाहत होतो. माश्या तिच्या भोवती वळल्या, तोंडं तिच्याकडे करून, गोल. आणि पेटीचा आवाज बदलला. तो चढउतार गेला, नुसती घुमघुम राहिली. त्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

परतीची गाडी गाठायची होती. पुढे आठ-दहा दिवसांत ही राणी उन्हाची वेळ बघून बाहेर उडेल, नरांशी मिळेल आणि परत येऊन अंडी घालू लागेल. तेवढ्यासाठी दार मोकळं हवं. म्हणून तर मी पट्टी काढली होती. माझ्या डोक्यात हे इतकं पक्कं होतं की ते तोंडाने सांगायचं असतं हे मला सुचलंच नाही. मी पिशवी उचलली आणि म्हणाले, "आता पंधरा दिवस पेटी उघडायची नाही. मी येईन तेव्हाच."

तो दोन पावलं माझ्यामागे आला. "बाई, ती पट्टी..."

"आता काही विचारत बसू नकोस," मी म्हणाले, "माझी गाडी चुकेल. सांगितलं ना, मी येईन."

आणि मी निघून आले.

पंधरा दिवसांनी मी जाऊ शकले नाही. हिवताप आला, अंथरुणाला खिळले. त्यातून उठते तोच नवरात्रात ठाण्याला प्रशिक्षण निघालं, आणि तिथून आल्यावर कचेरीत कागद साचलेले. तरी मला काळजी नव्हती. पेटीने राणी घेतली होती, वरच्या उतारावर खुरासणी फुलून पिवळी झाली होती, ऊन स्वच्छ होतं. मी साहेबांना सांगूनही टाकलं की रोपवाटिकेचा माणूस ठरला म्हणून समजा. दिवाळीच्या आधी चार दिवस मी पाड्यावर गेले तेव्हा राणी देऊन सहा आठवडे झाले होते.

लांबूनच तो मला सामोरा आला. इतका खुलून बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "बाई, या, या. पेटी भरली. फटीतनं पोरं दिसतात." मी पेटीपाशी गेले आणि दाराला पट्टी होती.

मी म्हणाले, "ही कधी लावलीस?"

"तुमी गेलात तवाच," तो म्हणाला. "तुमी इसरलात, छपरावरच ऱ्हायलेली. मी म्हटलं बाईंची गाडी हाय, घाई झाली. लगीच लावली. एक दिस काडली नाय, बाई. एक दिस नाय." आणि मग, मोठं गुपित सांगावं तसा, "ती रोज दुपारी दाराशी यायची. फटीत डोका खुपसायची, मागं जायची, परत यायची. आठ-धा दिस यायची. मी बाजूला बसून ऱ्हायचो. म्हटलं, बरा झाला पट्टी हाय, नायतर गेली असती."

मी झाकण उचललं. राणी होती. काळीभोर, तुकतुकीत, पोट जराही न भरलेली. आणि पोळ्यावर पिल्लं होती खरी, पण कशी? कामकरी माशीच्या घरांत ठिकठिकाणी उंच फुगलेली टोपणं, आणि प्रत्येक टोपणाच्या मध्ये सुईच्या टोकाएवढं भोक. नर. सगळे नर. नराशी न मिळालेली राणीही अंडी घालते, पण त्यातून नुसते नर निघतात. नर मध गोळा करत नाहीत, पिल्लं सांभाळत नाहीत, बसून खातात. कामकरी माश्या म्हाताऱ्या होऊन मरत होत्या आणि त्यांच्या जागी एकही नवी येणार नव्हती. आता दार उघडून उपयोग नव्हता, तिची उडायची वेळ टळून गेली होती. दुसरी राणी द्यायची तर केळव्याची पेटी केव्हाच फुटून गेली होती, आणि या उतरत्या पेटीत राणी देण्याइतक्या माश्या उरल्याही नव्हत्या.

तो माझ्या खांद्यावरून बघत होता. म्हणाला, "पोरं हायत ना, बाई?"

तेव्हा मी काय करायला हवं होतं हे मला आज ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही ठाऊक होतं. मी काय केलं? मी ओरडले. झाकण आपटलं. म्हणाले, "गाढवा, कुमारी राणीला पट्टी लावतात का? मी ती काय उगाच काढली होती? एवढी अक्कल नाही तुला? सगळ्याची माती केलीस!" शब्द न् शब्द आठवतो मला. माझी चूक माझ्या लक्षात येत होती, अगदी बोलता बोलता, आणि जसजशी येत होती तसतशी मी जास्त मोठ्याने बोलत होते.

तो पेटीकडे पाहत राहिला, मग स्वतःच्या हातांकडे. शेवटी म्हणाला, "मला कळलं नाय, बाई."

त्याच्या बायकोचं पोट आता चांगलं दिसत होतं. ती पुढे येऊन म्हणाली, "तो इचारत होता तुमाला. तवा."

"काय विचारत होता?" मी म्हणाले. ती घरात निघून गेली.

कचेरीत अहवाल लिहायचा होता. वसाहत नष्ट होण्याचं कारण, असा एक रकाना होता. मी त्यात लिहिलं, 'सूचनांकडे पालकाचे दुर्लक्ष.' तीन शब्द. चांगलं वळणदार अक्षर होतं माझं. साहेबांनी ते वाचून चुकचुक केली आणि रोपवाटिकेसाठी सफाळ्याकडचा कुणी ओळखीचा माणूस घेतला. मी बदलीसाठी अर्ज केला. मला त्या डोंगराकडे बघवत नव्हतं, पण अर्जात मी हवा मानवत नाही असं लिहिलं.

दिवाळीनंतर आठवड्याने, सकाळी, त्याची बायको कचेरीत आली. डोक्यावर रिकामी पेटी, आतल्या चौकटी धुऊन पुसून ठेवलेल्या. सात-आठ मैल ती तसं ओझं घेऊन, त्या अवस्थेत, चालत आली होती. पेटी ओसरीवर उतरवून ती भिंतीला टेकली. मी पाणी दिलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "आज जातो आमी. ही सगळी हितल्या टेसनावर बसलीत, मुकादम हितंच भेटतो. दुपारच्या गाडीनं."

मी म्हणाले, "जपून राहा."

"बाई," ती म्हणाली, "मी रडायला नाय आली. जायचं ता जायचं. पण तो जेवत नाय. म्हणतो माझ्या हातानं झालं, पोर पण आता माझ्याच हातानं जाईल. रातभर तेच बोलतो." तिने पदराने तोंड पुसलं. "तुमी एकदा त्याला सांगा. पट्टीचं सांगायचं तुमच्याकडनं ऱ्हायलं म्हणून. एवढंच सांगा. मंग तो जेवंल."

तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. ती माझ्याकडून काम मागत नव्हती, पेटी मागत नव्हती, मी कागदावर काय लिहिलं हे तिला माहीतही नव्हतं. मी म्हणाले, "येते." आणि चपला घालून तिच्याबरोबर निघाले.

कचेरीपासून स्टेशन किती लांब? दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मी मनातल्या मनात वाक्य तयार केलं. 'तुझी चूक नाही. मी सांगायला विसरले.' सोपं वाक्य होतं. मी ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं. ती माझ्या एक पाऊल पुढे चालत होती, कमरेवर हात ठेवून, आणि मधूनमधून मी येतेय ना हे वळून बघत होती.

फलाटाच्या टोकाला पाड्यावरची माणसं बसली होती. बोचकी, हंडे, कोंबड्यांची टोपली, आणि मुकादम विडी ओढत उभा. तो बोचक्याला टेकून बसला होता. मला बघितल्याबरोबर धडपडत उठला. गालफडं बसली होती त्याची. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने दोन्ही हात जोडले, आणि सगळ्यांसमोर कमरेत वाकून म्हणाला, "बाई, तुमी आलात. मला माफी करा. तुमी एवढी धावत राणी आणलीत नि मी तुमचं काम बिगडवलं."

सगळी माणसं माझ्याकडे पाहत होती. मुकादमाने विडी खाली केली. ती माझ्या अगदी शेजारी उभी होती, तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मी म्हणाले, "असू दे. झालं ते झालं. पुढच्या वेळी नीट लक्ष दे."

त्याचा चेहरा खरोखर उजळला. त्याने खाली वाकून माझ्या पायांना हात लावला, बायकोकडे वळून म्हणाला, "बघ, बाईंनी माफ केलं," आणि बोचक्यातून भाकर काढून खायला बसला.